चौदावी गाडी

गाडीत शिरण्याआधी नागोरावकाका चपला काढायचे. दुकानासमोरच्या फरशीवर त्या शेजारी शेजारी ठेवलेल्या असत आणि काका आत गुडघे दुमडून, स्टिअरिंगखाली डोकं घालून पडलेले असत. एखादं गिऱ्हाईक म्हणायचं, "मिस्तरी, राहू द्या की चपला. मॅट धुवायचीच हाय." काका आतूनच उत्तर देत, "तुमाला धुवायची आसंल. माझ्या पायाला सवय न्हाई."

नांदेडला तरोडा नाक्याजवळ माझ्या मामाचं गाड्यांच्या सामानाचं दुकान आहे. सीट कव्हर, काचेची फिल्म, म्युझिक सिस्टीम असं सगळं तिथे मिळतं. अलीकडे कॅमेरेही मिळतात. आरशामागे बसून रस्त्याकडे बघत राहणारा आणि उद्या अपघात झालाच तर चूक कुणाची ते सांगणारा छोटा कॅमेरा. सगळे त्याला डॅशकॅम म्हणतात. नागोरावकाका तिथे वायरिंग करत. मी बी.कॉम. झाल्यावर, नोकरी लागेपर्यंत म्हणून काउंटरवर बसले आणि अडीच वर्षं बसून राहिले. काकांना जाऊन आता वर्ष होत आलं. त्यांनी इतके कॅमेरे बसवले, पण त्यांची आठवण आली की मला चौदाच गाड्या आठवतात. त्यातही जास्त करून ती एक, जी सापडली नाही.

कॅमेरा काचेला चिकटवणं कुणालाही जमतं. खरं काम वायरीचं असतं. ती आरशामागून काढून छताच्या कापडाच्या कडेत दाबायची, काचेशेजारच्या खांबावर जे प्लास्टिक असतं त्याच्या मागून खाली उतरवायची, दाराच्या रबराआड न्यायची आणि डॅशबोर्डच्या पोटातल्या फ्यूजला जोडायची. पुष्कळ ठिकाणी वायर सरळ सिगारेट लायटरच्या भोकात खुपसून देतात आणि ती गिअरवर लोंबत राहते. तशी एखादी गाडी आली की काका तिच्याभोवती एक फेरी मारत. कुणाचं काम आहे हे कधी विचारत नसत. "कपडे वाळू घालायला बरी हाय दोरी," एवढंच म्हणत आणि चपला काढत.

प्लास्टिक उचकटायला बाजारात हत्यारं मिळतात. काकांकडे एका जुन्या टूथब्रशची घासून चपटी केलेली दांडी होती. ती खिशात पेनाशेजारी असे. लोखंड लावलं की वळ उठतो, असं ते म्हणत. वायर बांधायला प्लास्टिकच्या पट्ट्या त्यांना चालत नसत, कारण त्या वाजतात. ते काळी कापडी टेप वापरत. दर वीतभर अंतरावर एक वेढा, आणि वेढ्याचं टोक नेहमी आतल्या बाजूला. हे सगळं झाकलं जाणार, पुन्हा कुणी उघडून बघणार नाही, हे त्यांनाही माहीत होतं. मी एकदा धीर करून विचारलं होतं, की मग टोक कुठल्या बाजूला आलं तरी काय फरक पडतो. ते म्हणाले, "वायर दिसली न्हाई पायजे. पर उद्या ज्याला काढायची हाय, त्याला सापडली पायजे."

म्हणूनच आरशामागे ते वायरीचं दीड बोटाचं वळण सोडत. पुढे कधी कॅमेरा बदलला तर वायर कमी पडू नये. दुसऱ्या कुणाच्या कामात ते वळण मी पाहिलेलं नाही. काकांचं काम त्यावरून ओळखू येई.

काम झालं की ते मालकाला गाडी चालवायला लावत. चांगल्या रस्त्यावर नाही, दुकानामागे पाइपलाइनसाठी खणून ठेवलेली गल्ली होती तिथे. स्वतः मागच्या सीटवर डोळे मिटून बसत. मीही एक-दोनदा गेले होते.

"थांबवा," मध्येच ते म्हणाले. "डाव्या हाताला कायतरी बोलून राहिलंय."

"मला तर काही ऐकू येत नाही, मिस्तरी."

"तुमाला बायको बोललेली तरी ऐकू येते का?"

मालक हसला. गाडी थांबवून शोधाशोध झाली. समोरच्या कप्प्यात वेलदोड्याची डबी होती, ती वाजत होती. काकांनी ती रुमालात गुंडाळून परत ठेवली आणि डोळे मिटून म्हणाले, "हां. चला आता."

त्यांच्याकडे स्वतःची गाडी कधीच नव्हती. सायकल होती. तिच्या डायनामोची वायरसुद्धा त्यांनी दांडीच्या आतून ओवली होती.

माझं शिक्षण इंग्रजी माध्यमात झालं. दुकानात त्याचा उपयोग एवढाच, की कॅमेऱ्याच्या खोक्यातला बारीक अक्षरांचा कागद मी वाचू शकत होते. काकांना मराठी वाचता येई, हळूहळू, बोट ठेवून. इंग्रजी येत नसे. वायरींचे रंग मात्र त्यांना अंधारातही कळत असावेत. काही अडलं तरच ते काउंटरवर येत आणि विचारत, "कागद काय म्हणून राहिलाय?" पहिले काही महिने ते मला म्याडम म्हणत. नंतर माय म्हणायला लागले.

आमचं दोघांचं मिळून एकच काम होतं. सगळं बसवून झालं की मी मोबाईल घेऊन गाडीत बसायची. काका बॉनेटसमोर जाऊन उभे राहत, उजवा हात वर करत आणि विचारत, "दिसतो का?"

मोबाईलवर त्यांचा हात वर केलेला दिसायचा, मागे रस्ता, रिक्षा. मी म्हणायची, "दिसताय, काका."

माझा आवाज काचेबाहेर जात नसे. मी उत्तर देईपर्यंत त्यांचा हात खाली येत नसे. शेवटी ते म्हणत, "आवाज घरी ठिवून आलीस का, माय?" मग मी काच खाली करून पुन्हा सांगायची.

सहा एअरबॅगवाल्या गाड्या आमच्याकडे यायला लागल्या तेव्हाची गोष्ट. काकांना एअरबॅग माहीत होती. स्टिअरिंगमध्ये एक असते आणि शेजारच्या सीटसमोर एक. या नव्या गाड्यांच्या काचेशेजारचा खांब त्यांनी पहिल्यांदा उघडला, तेव्हा आत त्यांना कापडाची एक लांब मऊ गुंडाळी दिसली, खांबापासून वर छताच्या कडेने मागपर्यंत गेलेली. त्यांनी ती बोटाने दाबून पाहिली आणि त्यांना फार बरं वाटलं.

"कंपनीनं बी डोकं चालवलं," ते मला म्हणाले. "आतलं वाजू न्हाई म्हणून गादी दिली."

त्या गुंडाळीवरून त्यांनी वायर नेली आणि दर वीतभर अंतरावर कापडी टेपचा वेढा देऊन तिलाच बांधून टाकली, पक्की. मागच्या गल्लीत गाडी फिरवली तर कसलाच आवाज नाही. या गाड्या मुक्या हायेत, असं ते कौतुकाने सांगत सुटले.

अशा तीन-चार गाड्या झाल्या असतील. दुपारी दुकानात कुणी नव्हतं, आणि मी नव्या खोक्यातला कागद उघडून वाचत होते. सहाव्या पानावर खांबाचं चित्र होतं. आत ती गुंडाळी, तिच्यावरून गेलेली वायर, आणि वर मोठी फुली. खाली लिहिलं होतं, की ही गुंडाळी म्हणजे बाजूची एअरबॅग आहे. धडक बसली की ती पडद्यासारखी खाली उघडते. वायर तिच्या मागून न्यावी, तिच्यावरून नेऊ नये, तिला काहीही बांधू नये.

मी दाराशी गेले. काका समोरच्या गाडीत होते, चपला फरशीवर. गाडीचा मालक शेजारी उभा राहून कुणाला तरी फोनवर सांगत होता, की नांदेडात एवढी सफाई दुसऱ्या कुणाच्या हातात नाही. मी परत येऊन बसले. इतकी वर्षं काम केलेल्या माणसाला हे माहीत असणारच, असं मी स्वतःला सांगितलं. संध्याकाळी सांगू, असंही ठरवलं. संध्याकाळी काका सायकल काढून म्हणाले, "येतो, माय," आणि मी म्हणाले, "हो, काका." दुसऱ्या दिवशी सांगणं आणखी अवघड झालं. तिसऱ्या दिवशी तर मी तो कागद खोक्यात घालून खोकं कपाटावर ठेवून दिलं.

त्यानंतर काही महिन्यांनी भोकरहून एक इंजिनिअर गाडी घेऊन आला. काका खांब उघडत असताना त्याने सहज विचारलं, "वायर एअरबॅगच्या मागून घेता ना?"

काका म्हणाले, "एअरबॅग स्टेरिंगात हाय, साहेब."

"आणि ही काय आहे?" त्याने गुंडाळीकडे बोट केलं.

काका गाडीतून उतरले. चपला न घालता काउंटरपर्यंत आले. "कागद काय म्हणून राहिलाय, बघ बरं."

मी खोकं काढलं, कागद काढला आणि सहावं पान त्यांच्यासमोर धरलं. वाचायची गरज पडली नाही. फुली त्यांना कळत होती. तरी त्यांनी सगळं वाचायला लावलं, शब्दन्‌शब्द, आणि मी मराठीत सांगत गेले. एअरबॅग बांधलेली असली तर नीट उघडणार नाही. उघडली तर वायर, टोकाच्या पिनेसकट, माणसाच्या तोंडावर येईल.

काकांनी एवढंच विचारलं, "किती गाड्या?"

कॅमेऱ्याच्या वॉरंटीचे फॉर्म माझ्याकडेच असत, त्यावर गाडीचं मॉडेल, नंबर आणि मोबाईल. मी एकेक काढत गेले. चौदा निघाल्या.

मामा संध्याकाळी आला. माझा मामा वाईट माणूस नाही. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि शटरला टेकून उभा राहिला. "नागोराव, झालं ते झालं. इथून पुढं मागून न्या."

"झालेल्याचं काय?"

"काय व्हायचंय? चौदा लोकांना फोन करून सांगायचं, आम्ही चुकलो म्हणून? उद्या दुकानावर कोण येईल? आणि गाडी उलटल्यावर कोण वायर बघत बसतंय, सांगा बरं."

"कोणी बगत न्हाई," काका म्हणाले. "म्हणून तर."

"दुकानाचं नाव जातं, मिस्तरी."

"नाव दुकानाचं हाय, मालक. हात माझा हाय."

मामा माझ्याकडे बघून म्हणाला, "गौरी, यांना समजाव." मी फॉर्म एकावर एक लावत राहिले. शेवटी असं ठरलं, की फोन करायचे, पण कॅमेऱ्याची मोफत तपासणी आहे म्हणून सांगायचं. काकांना ते आवडलं नाही. फोन मलाच करायचे होते. अनोळखी माणसाशी फोनवर बोलायचं म्हटलं की माझे तळहात ओले होतात. मी काय बोलायचं ते कागदावर लिहून घेतलं आणि एकेक नंबर लावला. काका समोर उभे राहून ऐकत. फोन ठेवला की विचारत, "येतो म्हणला का?"

नऊ गाड्या दुकानावर आल्या. पहिल्या गाडीचा खांब उघडला तेव्हा मी जवळ होते. काकांनी आधी बॅटरीची तार काढली आणि पंधरा मिनिटं नुसते बसून राहिले, कारण कागदात तसं लिहिलं होतं. मग टेपचं टोक शोधायला लागले. ते त्यांनी स्वतःच आत दडवलं होतं. त्या कापडाजवळ ब्लेड चालत नाही, म्हणून नखाने एकेक वेढा सोडवत होते.

"बघ, काय सफाईनं बांधलंय," ते म्हणाले. त्यांच्या कपाळावर घाम होता. "कोण्या गबाळ्यानं केलं असतं तर बरं झालं असतं. आपोआप सुटलं असतं."

काढलेली टेप त्यांनी टाकून दिली नाही. हत्यारांच्या पेटीच्या झाकणाला आतून एक तुकडा चिकटवला. पुढे प्रत्येक गाडीचा एक.

उरलेल्या पाच गाड्या बाहेरगावच्या होत्या. नायगावची एक शिक्षिका म्हणाली, तपासणीसाठी तेवढ्या लांब कशाला येऊ, कॅमेरा चांगला चालतो. काका रविवारी पेटी घेऊन एसटीने तिच्या घरी गेले. तिथे पोचल्यावर त्यांनी मोफत तपासणीचं काही सांगितलं नाही. खरं तेच सांगितलं. तिने आधी दार लावून घेतलं आणि मग उघडलं, असं काका सांगत होते.

हदगावला मी त्यांच्याबरोबर गेले, कारण तिथे माझी मावशी असते आणि मला तिच्याकडे जायचंच होतं. गाडीचा मालक शेतकरी होता, मोठा. वाड्यात सोयाबीन पसरलेलं, कडेला गाडी उभी. त्याने बाजेवर बसून सगळं ऐकलं.

"म्हंजे तुमी चुकले."

"हाव."

"आन्‌ हे सांगायला नांदेडवरनं आले?"

"हाव."

तो बायकोला हाक मारून म्हणाला, "अगं ए, बघायला ये. लोकं चुकी लपवायला दूर जातेत, हे सांगायला आलेत." सगळे हसले. काका हसले नाहीत. ते चपला काढत होते. काम होईपर्यंत तो शेतकरी खांबाजवळ उभा राहिला आणि मग हळू आवाजात म्हणाला, "याच गाडीत माझी पोरगी डाव्या अंगाला बसून कॉलेजला जाते." निघताना त्याने जेवायचा आग्रह केला. काका पाणीसुद्धा प्यायले नाहीत.

लातूरला दोन गाड्या होत्या. एक डाळमिलवाल्याची, ती लगेच झाली. दुसरी एका क्लासच्या सरांची. सरांनी गेटवरच सांगितलं, "आज बॅचेस आहेत, वेळ नाही." काका गेटबाहेर थांबले. बॅच सुटली, पाठीवर दप्तरं घेतलेली शेकडो मुलं त्यांच्या दोन्ही बाजूंनी गेली, दुसरी बॅच भरली, तीही सुटली. शेवटी सर चावी हातात देऊन म्हणाले, "तुम्ही जाणार नाही म्हणजे." काका म्हणाले, "गेलो असतो, सर. तुमी निजले असते, मी न्हाई."

तेरा झाल्या.

चौदावी गाडी पांढरी होती. ती घेतलेल्या प्राध्यापकांची पुण्याला बदली झाली होती आणि त्यांनी गाडी लातूरच्या एका दलालामार्फत विकली होती. कागदावर नाव अजून त्यांचंच होतं. दलाल म्हणाला, घेणारा अहमदपूरच्या बाजूचा आहे, गाडी रोज लातूरला जाते. त्याने दिलेला नंबर लागत नव्हता. मी तो सकाळी लावून पाहायची, दुपारी लावून पाहायची. आरटीओत जाऊन आले, प्राध्यापकांना तीन वेळा फोन केले. तिसऱ्यांदा ते चिडले.

ही गाडी कुठली, ते मला नीट आठवत होतं. ती चित्र पाहिल्यानंतरची होती. ती तयार झाल्यावर मी तिच्यात बसले होते, काका बॉनेटसमोर हात वर करून उभे होते, आणि मी काच खाली करून सांगितलं होतं, की दिसताय.

त्यानंतर काका कामात पहिल्यासारखे राहिले नाहीत. हात तेच होते, पण एका गाडीला त्यांना सगळी दुपार लागायला लागली. बांधलेलं सोडवून पुन्हा बांधत. गिऱ्हाइकं कुरकुरायची. मग नजर जायला लागली. साखर होती, ती त्यांनी कधी मनावर घेतली नव्हती. एकदा डॅशबोर्डखालून त्यांचा हात बाहेर आला, हातात वायर. "माय, ही पिवळी का पांढरी?"

ती लाल होती. मी सांगितलं. हात वायरीसकट परत आत गेला.

मामाने त्यांना नीट निरोप दिला, शाल घालून. दुसरा फिटर ठेवला. तो चांगला आहे, भराभर काम करतो, चपला घालून गाडीत बसतो. मलाही त्याच सुमारास लातूरला एका ऑफिसात नोकरी लागली. काकांकडे जाऊन येऊ, असं मी प्रत्येक सुट्टीत ठरवायची.

ते मला शेवटचे दिसले ते त्या लातूरच्या रस्त्यावरच. शनिवारी दुपारी मी लातूरहून नांदेडला येत होते. अहमदपूर यायच्या आधी बस एका धाब्यावर वीस मिनिटं थांबते. शेजारी पेट्रोलपंप आहे. तिथे हवा भरायच्या मशीनजवळ, उलट्या घातलेल्या क्रेटवर काका बसले होते. काळा चष्मा, मांडीवर हत्यारांची पेटी, खिशात टूथब्रशची दांडी.

मी जवळ जाऊन हाक मारली. त्यांनी मान वळवली, पण चुकीच्या बाजूला.

"कोण?" मग थोड्या वेळाने, "माय का? आवाज आजून तसाच ठिवलास."

"इथे काय करताय, काका?"

"बसून राहिलो. शनिवारी येतो, अर्ध्या तिकिटात. गाडी रोज लातूरला जाते म्हणला व्हता ना दलाल. रोज जाते तर कदी ना कदी पेट्रोल घालायला थांबंलच."

"नंबर दिसतो तुम्हाला?"

"नंबर न्हाई दिसत. जवळ गेलं की काच दिसते. आरशामागचं वळण दिसलं की माझी."

त्यांनी पेटी उघडून दाखवली. झाकणाला आतून तेरा तुकडे होते. कडांना धूळ बसून पांढरट झाले होते. चौदाव्याची जागा त्यांनी सोडली होती.

मी त्यांच्यासमोर उभी होते. बसचा कंडक्टर चहा संपवत होता. मी म्हणाले, "काका, ते चित्र मी आधीच पाहिलं होतं. फोन केले त्याच्या कितीतरी आधी."

"म्हाईत हाय."

मला वाटलं त्यांनी नीट ऐकलं नसावं. मी पुन्हा सांगायला लागले. त्यांनी पेटी बंद केली.

"त्या दिवशी तू पान शोधलं न्हाईस, माय. कागद काढला आन्‌ सरळ तेच पान धरलंस."

"मग तुम्ही तेव्हा काही बोलला का नाहीत?"

"काय बोलायचं? मला कागद वाचता येत न्हाई, तुला बोलता येत न्हाई. दोघांचं मिळून झालं."

ते रागाने म्हणाले नाहीत. वायर कुठून कुठे गेली हे सांगावं, तसं म्हणाले. मला त्यांना घरी चला म्हणायचं होतं. पुढच्या शनिवारी मीही येते, मी नंबर बघत जाईन, असंही म्हणायचं होतं. कंडक्टरने घंटी मारली.

"जा," ते म्हणाले. "गाडी चुकंल."

मी खिडकीशी जाऊन बसले. तेवढ्यात पंपावर एक पांढरी गाडी आली. काका उठले, पेटी क्रेटवर ठेवली, सवयीने एक पाय चपलेतून काढला आणि पुन्हा घातला. गाडीशी जाऊन त्यांनी काचेला दोन्ही तळहात लावले आणि त्यांच्या मध्ये तोंड नेलं. आतल्या माणसाने काच खाली करून काहीतरी म्हटलं. काका मागे सरले. नाही, अशी मान हलवली, त्याच्याकडे बघून नाही, नुसतीच.

बस सुरू झाली तेव्हा ते आवाजाच्या दिशेने वळले. आमची बस त्यांच्या समोरून जाणार होती. त्यांनी उजवा हात वर केला, बॉनेटसमोर उभं राहून करायचे तसा. मी कुठल्या खिडकीत आहे ते त्यांना दिसणं शक्य नव्हतं.

"दिसताय, काका," मी म्हणाले.

खिडकीची काच घट्ट बसली होती. मी दोन्ही हातांनी ओढली, सरकली नाही. बस मोठ्या रस्त्याला लागली, पंप मागे पडला. तोपर्यंत त्यांचा हात खाली आला नव्हता.